एक तास सत्तावन्न मिनिटं

वहिनीचा फोन आला तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते आणि धाकट्यासमोरच्या तक्त्यातली एकशे बारावी ओळ अर्धी भरून झाली होती. "आई पडल्या," वहिनी म्हणाली. "उजवा हात मोडलाय, मनगटात. काल प्लास्टर घातलं. तुम्हाला कळवू नको म्हणत होत्या, पण मी म्हटलं कळवावं." तिच्या मागे कुठेतरी नळ वाहत होता आणि तो कोणी बंद करत नव्हतं. धाकट्यानं विचारलं, "कशी पडली?" वहिनी थांबली. थांबून म्हणाली, "पडल्या म्हणजे पडल्या, भावोजी. आता कसं सांगू." आणि फोन ठेवला. झालं, एवढंच. पण धाकट्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या, तोंडात तांब्याची चव आली, आणि पायाच्या अंगठ्यापासून काहीतरी सरसरत वर चढत मानेत येऊन बसलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर करून विचारलं, "काय हो, बरं नाही का?" तो म्हणाला, "आई पडली." बाई चुकचुकल्या, "अरेरे, या वयात पडणं म्हणजे." त्यांना त्या शब्दाचा जो अर्थ ठाऊक होता तोच त्यांनी घेतला. त्यांचा काय दोष.

कारण त्या घरात कोणी कोणाला कधी मारलं नव्हतं. त्या घरात माणसं पडत. वडील गेले तेव्हा धाकटा अकरा वर्षांचा होता आणि दादा वीसचा. विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान, ते चालवणं आणि घर चालवणं एकदमच दादाच्या अंगावर पडलं, आणि दादानं दोन्ही एकाच हातानं चालवलं. जळलेल्या मोटारीतून उपसून काढलेल्या तांब्याच्या तारा दुकानात जुडी करून खिळ्याला टांगलेल्या असत. ती जुडी पाठीवर आली की आधी काहीच वाटत नसे, नुसता आवाज येई, आणि मग हळूहळू एकेक तार आपापली जागा दाखवी. दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तर विचारत, सदऱ्याला हे डाग कसले रे? "पडलो, सर." ओठ फुटला, पडलो. डाव्या हाताची करंगळी दाराच्या फटीत धरून दादानं दार सावकाश, अगदी सावकाश लावलं आणि ती कायमची आत वळली, तेव्हाही धाकटा पडलाच होता. आई तर वरचेवर पडे. डोळ्याखाली काळंनिळं आलं की शेजारच्या काकूंना हसून सांगे, "पडले हो जिन्यावरून." घर तळमजल्यावर होतं. जिना नव्हता. काकूंनी कधी विचारलं नाही, कोणता जिना म्हणून. एकदा आई पडत असताना धाकटा मध्ये गेला, तर दादानं त्याला मानेला धरून पिंपात बुडवलं, आणि पाण्याखाली त्याला आईचं बोलणं ऐकू येत होतं, पण शब्द कळत नव्हते, नुसती लय, कोणी लांबून देवाचं नाव घेत असावं तशी. वर काढलं तेव्हा कळलं, ती म्हणत होती, "मला मार, मला मार, मला मार." तेवढाच एकदा तो शब्द त्या घरात उच्चारला गेला. पुन्हा नाही.

एकोणिसाव्या वर्षी तो पळाला. तीन बस बदलून सव्वीस तासांनी या शहरात उतरला, आणि त्या सव्वीस तासांवर त्यानं पुढची तेवीस वर्षं काढली. माणसाला लपायला काहीतरी लागतंच, कोणी भिंतीआड लपतं, कोणी बायकोआड. हा सव्वीस तासांआड लपला. दर रविवारी फोन. "येतो गं, जरा सुट्टीचं जमू दे. लांब पडतं ना." आणि आई तिकडून घाईघाईनं म्हणे, "नको रे बाबा, सव्वीस तास बसायचं म्हणजे हाडं खिळखिळी होतात. तू आपला तिथं सुखात राहा. मी कशी उत्तम आहे." आवाज असा की जणू तीच त्याची समजूत काढतेय.

आता गंमत बघा, पोटासाठी या माणसाला काम कुठलं मिळालं? तर दोन शहरांमधलं अंतर लिहिण्याचं. प्रवाशांसाठी माहितीची पानं बनवणारं एक कार्यालय, तिथं पंधरा माणसं ओळीनं बसतात आणि जगातल्या कुठल्याही दोन शहरांची जोडी घेऊन हवाई अंतर किती आणि वेळ किती ते तक्त्यात भरतात. इमारतीतले लोक त्यांना अंतरवाले म्हणतात. पहिल्या दिवशी साहेबांनी रीत शिकवली होती, "जे अंतर असेल त्याला आठशेनं भागा. येईल तो वेळ. त्यात वर अर्धा तास मिळवा, चढण्या-उतरण्याचा. तो विसरायचा नाही. नवीन माणूस तोच विसरतो." शेजारच्या बाई तेव्हाच पुटपुटल्या होत्या, "आमच्याकडच्या रागाचा पण हाच हिशोब. चढायला-उतरायला अर्धा तास, मधलं मग वेगळं." सगळे हसले, धाकटाही हसला. आणि त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत, कोणी नाही असं बघून, त्यानं ती जोडी मांडली. हे शहर आणि ते शहर. अकराशे साठ किलोमीटर. भागिले आठशे, एक तास सत्तावीस. अधिक अर्धा तास. एक तास सत्तावन्न मिनिटं. त्यानं मान वर करून इकडेतिकडे पाहिलं, आपल्याला उघडंबिघडं कोणी पाहिलं की काय तसं, आणि आकडे खोडून टाकले. त्याला अकरा वर्षं झाली. ती जोडी कधी त्याच्या यादीत आलीच तर तो बाईंच्या यादीत सरकवी, म्हणे, माझी आज फार आहेत हो. आणि रविवारी फोनवर म्हणे, लांब पडतं.

फोन ठेवल्यावर त्यानं ती ओळ पुरी केली नाही. जाताना एक आणि येताना दोन अशी तिकिटं काढली. दुपारचं विमान जायला, संध्याकाळी सात दहाचं यायला, त्यात एक नाव आईचं. साहेबांना एवढंच सांगितलं की आई पडली. मग विमानतळावरच्या गार, पांढऱ्या उजेडात बसून तो दादाचं मनगट मोडू लागला. दार दादाच उघडेल. बोलायचं नाही. उजवा हात पकडायचा, कोपराकडून नाही, मनगटाच्या जरा वर, आणि दाराच्या चौकटीच्या कडेवर आपलं सगळं वजन टाकून खाली दाबायचा. वाळकी काटकी मोडते तसा आवाज येईल का ओली मोडते तसा, हे त्याला कळेना आणि त्याचाच त्याला राग येई, मग तो पुन्हा दारापासून सुरुवात करी. हातासाठी हात. नंतर करंगळी, दार आहेच. नंतर आईला उठवायचं, चपला घालायच्या, निघायचं. विमानात चढेपर्यंत दादाचं मनगट बारा वेळा मोडून झालं होतं आणि तो वळलेल्या करंगळीच्या टोकापर्यंत घामानं भिजला होता.

खिडकीपाशी एक म्हातारी बसली होती, पहिल्यांदाच विमानात बसलेली, पट्टा इतका आवळलेला की श्वास घेताना त्रास होत होता. विमान धावायला लागलं तसा तिनं त्याचा हात धरला, नेमका मनगटापाशी. "रागावू नका हं," ती म्हणाली, "देवाचं नाव घेते आहे, पण हाताला पण काहीतरी लागतं ना." ती डोळे मिटून पुटपुटत राहिली, आणि तिच्या बोटांखाली त्याची शीर अशी उडत होती की म्हातारीनं एक डोळा उघडून बघितलं. "तुम्हालाही भीती वाटते होय? मग बरं झालं, मला वाटलं मीच एकटी." ढगांच्या वर आल्यावर तिनं विचारलं, "किती लांब आहे हो?" अकरा वर्षं जगभरच्या माणसांना हेच सांगून पोट भरणाऱ्या धाकट्याला तोंड उघडायला वेळ लागला. "अकराशे साठ किलोमीटर." "अगंबाई. म्हणजे रात्र होईल." "नाही. दोन तास." म्हातारी हसली. "माझी लेक दर वेळी म्हणते, कसं यायचं गं, लांब आहे. मीच उठले शेवटी. म्हटलं, बघू तरी किती लांब आहे ते." धाकट्यानं तिच्या हाताखालून आपला हात काढून घेतला. खाली ढगांच्या फटीतून एक रस्ता दिसत होता, दोऱ्यासारखा बारीक, त्यावरून एखादी बस सव्वीस तास जात असेल, आणि त्याच्या मनात आलं की आपण आत्ता त्या बसच्या डोक्यावरून, तिच्यातल्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून उलटे चाललो आहोत. त्या पोराच्या पिशवीत दोन सदरे होते, पाठीला चिकटलेला तिसरा. मागं आई दाराशी उभी होती. दादा दुकानातून यायच्या आत जा म्हणत होती. दादा आल्यावर काय झालं असेल, हे त्यानं तेवीस वर्षांत मनाशीसुद्धा कधी विचारलं नव्हतं. आत्ता ते आपोआप दिसायला लागलं. तारांची जुडी, खिळा, दादाचा हात. कुठं गेला ते सांग. आई सांगत नाही. कुठं गेला. धाकट्यानं पुढच्या खुर्चीच्या पाठीवर कपाळ टेकवलं आणि दादाला पुन्हा मारायला घेतलं, या खेपेला मनगटावर भागेना, त्यानं डोकंच धरलं, चौकटीवर आपटलं, पुन्हा आपटलं, आणि चाकं जमिनीला टेकली तेव्हा त्याच्या हिरड्यांतून रक्त आलं होतं. एक तास बावन्न मिनिटं. तक्ता पाच मिनिटांनी चुकला होता. म्हातारी उठता उठता म्हणाली, "जा बाबा, तुमच्या माणसांना भेटा. बरं वाटेल."

टॅक्सीनं चाळीस मिनिटं. रस्ते रुंद झाले होते, दुकानांच्या पाट्या बदलल्या होत्या, पण गल्लीच्या तोंडाशी वार्निशचा वास जसाच्या तसा होता, आणि तो नाकात गेल्याबरोबर त्याच्या पाठीवरच्या जुन्या वळांना जाग आली. दुकान बंद होतं. घराचं दार दादानंच उघडलं. बारा वेळा उघडलं होतं त्याहून हे दार लहान होतं, आणि दादाही. टक्कल पडलेला, सुटलेल्या पोटाचा, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला एक माणूस. तो आधी बघतच राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "अरे, तू? आलास? ये, आत ये, दे पिशवी," असं म्हणत त्यानं पिशवीसाठी हात पुढं केला. उजवा हात.

धाकट्यानं ठरवलेलं सगळं विसरून आधी त्याच्या नाकावर मारलं. चष्मा उडाला. दादा दोन पावलं मागं जाऊन भिंतीला लागला, हात वर करायच्या आत दुसरा गुद्दा दातांवर बसला आणि धाकट्याच्या बोटांची साल निघाली. तिसरा पोटात. दादा वाकला तसा त्यानं त्याची मान धरली आणि गुडघा वर घेतला. फळीवर अवजारं होती, त्यांतली लाकडी हातोडी, तारांची गुंडाळी बसवायला ठोकतात ती, त्याच्या हातात कशी आली ते त्यालाच कळलं नाही. पहिला घाव खांद्यावर, दुसरा डोक्यावर धरलेल्या हातावर. तो आवाज ओल्या काटकीचा होता. आणि या सगळ्यात दादानं एकदासुद्धा उलटा हात उचलला नाही. तो कोपऱ्यात बसला होता, गुडघे पोटाशी, दोन्ही कोपरं कानांवर, हनुवटी छातीत. धाकट्यानं तो आकार लगेच ओळखला. असं बसलं की तारा पाठीवर येतात, तोंड वाचतं. हे दादाला कोणी शिकवलं? मारताना बघून बघून शिकला असेल. त्या विचारानं धाकटा थबकला नाही, उलट त्याला जास्त चेव आला, आपली एवढी एकच वस्तू होती तीही यानं घेतली असं वाटून, आणि त्यानं हातोडी तिसऱ्यांदा उचलली.

"अरे, मी पडले." आई आतल्या दारात उभी होती. हात गळ्यात अडकवलेला, केस सुटलेले. त्याच्या आठवणीतल्या आईच्या निम्मी उरलेली. "पडले रे मी. बाथरूममध्ये, साबणावरून. खरंच पडले." तिच्या मागे वहिनी, तोंडावर पदर दाबून. "तेच तर सांगत होते भावोजी, पडल्या म्हणून," वहिनी म्हणाली. "दुसरं काय सांगणार. यांनीच उचलून नेलं दवाखान्यात." आता बाईमाणसानं कोणत्या शब्दांत सांगावं? एक शब्द होता, तो त्या घरानं इतकी वर्षं खोट्याला वापरला की खऱ्याला उरलाच नाही. धाकटा आईच्या तोंडाकडे बघत राहिला. ती हसत नव्हती. इतकी वर्षं पडले म्हणताना ती हसायची. म्हणजे खरं होतं.

उघड्या दारातून शेजारच्या काकूंच्या सुनेनं डोकावलं. "काय झालं हो? आवाज आला मोठ्यांदा." कोपऱ्यातून दादानं एक दात थुंकला, मोडका हात मांडीवर घेतला आणि म्हणाला, "काही नाही. पडलो." सुनेनं धाकट्याच्या हातातली हातोडी पाहिली, "बरं," म्हणाली, आणि जाताना दार ओढून घेतलं.

वहिनी दादाला उठवून मोरीपाशी घेऊन गेली. पाणी ओतल्याचा आवाज येऊ लागला, मध्ये मध्ये दादाचं कण्हणं, आणि वहिनीचं हळू आवाजातलं, "मान खाली धरा. आता टॅक्सी बोलावते. खाली धरा हो." आई आतल्या खोलीत जाऊन कॉटवर बसली. धाकटा तिच्या मागोमाग गेला. तिनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, तेवीस वर्षांचं एका नजरेत बघून घ्यायचं म्हणजे वेळ लागतोच. मग म्हणाली, "ते खाली ठेव आधी." त्यानं बघितलं, हातोडी हातातच होती. ती त्यानं जमिनीवर ठेवली. बोटं सरळ होईनात.

"दमला असशील," आई म्हणाली. "रात्रभर बसमध्ये. तिनं फोन तरी कधी केला? कालच?"

"आज सकाळी. विमानानं आलो."

"विमानानं?" तिनं क्षणभर विचार केला. "त्यालाही दिवस मोडतच असेल ना."

खोटं बोलता आलं असतं. इतक्या रविवारी जमलं होतं, आणखी एकदा जमलं असतं. पण तोंडात हिरड्यांचं रक्त होतं आणि अकरा वर्षं जो आकडा जिभेखाली धरून ठेवला होता तो त्या रक्ताबरोबर बाहेर आला. "दोन तास," तो म्हणाला. "तेवढेही नाहीत."

आई प्लास्टरच्या कडेचा सुटलेला कापूस दुसऱ्या हातानं आत खोचत राहिली. खोचून झाल्यावर म्हणाली, "दोन तासांवर होतास होय."

"आई, आधी मला..."

"मी आपली स्वतःला सांगायची, पोरगं लांब आहे. तो बिचारा तरी काय करणार, सव्वीस तास. निम्म्या वाटेत असताना मी मेले तर त्याला कळणार पण नाही, असं म्हणायची." तिचा आवाज चढला नाही. "तू गेल्यावर जास्त मारायचा मला. तुझ्या वाटचंही."

मारायचा. तिनं तो शब्द असा उच्चारला की जसा कोणी घरातल्या एखाद्या माणसाला नावानं हाक मारतं. धाकटा खाली बसला.

"आता नाही मारत," ती म्हणाली. "सात वर्षं झाली. हात कापतात त्याचे. तार ओवता येत नाही, दुकान बंदच असतं बहुतेक. काल मला उचलताना रडला. मला त्याची दया आली नाही, देवानं क्षमा करावी. पण उचललं त्यानंच."

बाहेर टॅक्सी येऊन थांबली. वहिनी दादाला धरून नेत असल्याची पावलं वाजली, दार उघडलं, लागलं. घर एकदम रिकामं झालं. धाकट्यानं खिशातून तिकिटं काढून कॉटवर ठेवली. "चल," तो म्हणाला. "तुझं तिकीट काढलंय. सात दहाला आहे. औषधं घे, दोन कपडे घे, बाकी काही नको. इथं नको राहूस आता. माझ्याकडे तुला कोणी हात लावणार नाही."

आईनं तिकीट उचलून डोळ्यांजवळ धरलं, आपलं नाव वाचलं, एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वाचलं. तिला यायचं होतं. ते तिच्या ओठांच्या हलण्यावरून स्पष्ट दिसत होतं, आणि धाकट्याला वाटलं, जमलं, एवढं तरी जमलं. तिच्या खांद्यावरून घसरलेला पदर नीट करावा म्हणून त्यानं हात पुढं केला. आईचा चांगला हात तिच्याही नकळत वर गेला आणि कोपर कानावर आलं.

तसाच राहिला तो हात थोडा वेळ. मग तिनं तो खाली घेतला, तिकिटावर ठेवला. तिलाही लाज वाटली असावी, कारण ती त्याच्याकडे न बघता बोलली.

"आज नको. या हाताबरोबर नको. तुझा हात निवू दे आधी. निवला की ये, मग येईन मी. दोन तास तर लागतात."

धाकट्यानं आपला हात मागं घेतला. बोटांवरची साल निघालेली, सांध्यांवर रक्त, त्यातलं कुठलं आपलं आणि कुठलं दादाचं हे सांगता येऊ नये असं. तो परत गेला असता तर पुढचा रविवार आला असता, आणि तो काय बोलला असता ते त्याला पाठ होतं.

"मग इथंच बसतो," तो म्हणाला. "निवेपर्यंत."

उन्हाचा पट्टा खिडकीखालून सरकून कॉटच्या पायाशी आला.

"बस," ती म्हणाली. "जरा लांब बस."

तो बसल्या बसल्या मागं सरकत भिंतीला टेकला. मध्ये चार फरश्या राहिल्या.